खो-खोच्या सामन्यात पंचगिरी करताना

आपल्या मंडळाच्या क्रीडादिनात खो-खोचे सामने दरवर्षी होतात. खेळणारी मुले आपली, पाहणारी मंडळी आपली आणि पंचही आपल्यातलेच. इंदूरहून पंच बोलावणे दर वेळी जमत नाही, म्हणून कुणाच्या तरी गळ्यात शिट्टी अडकवली जाते आणि "तू शाळेत खेळायचास ना, मग उभा राहा" असे सांगितले जाते. खेळता येणे आणि पंचगिरी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत कळते. असे अचानक उभे राहावे लागणाऱ्या सभासदांसाठी ही माहिती एकत्र केली आहे.

हे लिहिण्याला एक निमित्त आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या मुलींच्या अंतिम सामन्यात शेवटच्या अर्ध्या मिनिटात एक मुलगी बाद दिली गेली आणि सामना एका गुणाने फिरला. निर्णय देणारे पंच दुसऱ्या संघाच्या कर्णधार मुलीचे मामा होते. निर्णय बरोबर होता की चूक, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. पण तो मामांनी दिला होता, एवढेच सगळ्यांच्या लक्षात राहिले. बाद दिलेली मुलगी पुढच्या वर्षी खेळायला आली नाही आणि दोन घरांतल्या बायका त्या संक्रांतीला एकमेकींकडे हळदीकुंकवाला गेल्या नाहीत. मामांचा दोष नव्हता. त्यांना तिथे उभे करणारे आम्ही होतो. पंचगिरीची निम्मी तयारी सामन्याआधी, पंच निवडताना होते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

पंच कशासाठी

आपल्याच तालुक्यात गौतमपुऱ्याला दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोट युद्ध होते. गौतमपुऱ्याचा तुर्रा आणि रुणजीची कलगी, असे दोन पक्ष दारू भरलेली हिंगोटाची फळे पेटवून एकमेकांवर फेकतात. दरवर्षी माणसे जखमी होतात. तिथे हार-जीत ठरवली जात नाही, त्यामुळे पंचही लागत नाही. खो-खोत मात्र हार-जीत आहे आणि नऊ मिनिटांच्या पाळीत पंचाला अनेक वेळा क्षणात ठरवावे लागते. म्हणून तिथे असा माणूस लागतो, ज्याचे म्हणणे दोन्ही बाजू ऐकतील.

नियमही आपोआप आलेले नाहीत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधायला घेतले. पुढे बडोदे आणि महाराष्ट्रातल्या संस्थांनी त्यांत बदल केले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ जगाला दाखवले, त्यांत खो-खोही होता. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली. मैदानाची मापे आणि वेळा या काळात बदलत गेल्या. म्हणून "आमच्या वेळी असे नव्हते" हा वाद मैदानावर करण्यात अर्थ नाही. आज कोणत्या नियमांनी खेळायचे, ते आधी ठरवावे आणि त्याप्रमाणेच खेळावे.

पंच कोणाला करावे

१. दोन्ही संघांत ज्यांचे मूल, भाचा-भाची, पुतण्या-पुतणी किंवा शेजारी राहणारे मूल नाही, अशी माणसे निवडावीत. आपल्यासारख्या छोट्या गावात हे अवघड आहे. तेव्हा निदान एका सामन्याचे पंच दुसऱ्या सामन्यातल्या संघांच्या घरांतून घ्यावेत आणि अंतिम सामन्याला जवळच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना विनंती करावी.

२. नाते असेलच, तर ते सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना सांगावे. दोघांची हरकत नसेल तरच उभे राहावे. आधी सांगितलेले नाते कुणाला खटकत नाही, नंतर कळलेले खटकते.

३. मैदानावर काका, मामा, दादा, ताई नाही. मुलांनी पंचांना "सर" किंवा "मॅडम" म्हणावे आणि पंचांनी खेळाडूला नावाने नव्हे, तर पाठीवरच्या क्रमांकाने बोलवावे. "चार नंबर, बाद" हे "अगं, तू बाद आहेस" यापेक्षा सोपे जाते. देणाऱ्यालाही आणि ऐकणाऱ्यालाही.

४. वय आड येऊ देऊ नये. दहावी-अकरावीतली, शाळेच्या संघात खेळलेली मुले-मुली लहान गटासाठी उत्तम पंच होतात. त्यांची नजर आपल्यापेक्षा तेज असते आणि नियमही ताजे असतात.

किती माणसे लागतात

एका सामन्याला पाच माणसे लागतात: दोन पंच, एक सरपंच, एक वेळाधिकारी आणि एक गुणलेखक. दोन्ही पंच मैदानाबाहेर, बाजूच्या रेषांलगत उभे राहतात. मध्य पाटीने मैदानाचे दोन भाग होतात, त्यांतला एकेक भाग एकेका पंचाचा. आपल्या भागातले निर्णय आपण द्यायचे आणि दुसऱ्या पंचाला मागितली तर मदत करायची. दोघांत मतभेद झाला तर सरपंच ठरवतो. शिस्तीचे प्रश्नही सरपंचाकडे जातात.

माणसे कमी पडली तर सरपंच आणि वेळाधिकारी एकच ठेवता येतो. पण पंच दोनच हवेत. आक्रमक जेव्हा पंचाकडे तोंड करून धावतो तेव्हा त्याचा पाठीमागचा हात दिसत नाही आणि पाठ करून धावतो तेव्हा पुढचा दिसत नाही. एकट्या पंचाने अर्धे निर्णय अंदाजाने दिलेले असतात.

मैदान

मैदान आदल्या दिवशी आखावे. मापे अशी:

- पूर्ण मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद.
- दोन्ही टोकांना १.५ मीटरचे मुक्त क्षेत्र.
- दोन खांबांमधली मध्य पाटी २४ मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद.
- आठ आडव्या पाट्या, प्रत्येकी ३५ सेंटिमीटर रुंद. दोन पाट्यांमधले अंतर २.३० मीटर.
- खांबाच्या रेषेपासून पहिली आडवी पाटी २.५५ मीटरवर.

आखणी बरोबर झाली की नाही, ते बेरीज करून पाहता येते. आठ पाट्यांचे २.८०, सात अंतरांचे १६.१० आणि दोन टोकांचे ५.१० मिळून बरोबर २४ मीटर व्हायला हवेत. जुन्या पुस्तकात २९ मीटरचे मैदान आणि ३० सेंटिमीटरच्या आडव्या पाट्या सापडतील. ती मापे आता वापरू नयेत आणि दोन्हींची सरमिसळ तर मुळीच करू नये.

खांब जमिनीपासून १२० ते १२५ सेंटिमीटर उंच आणि ९ ते १० सेंटिमीटर जाडीचा असतो. तो तासून गुळगुळीत केलेला हवा, वरच्या कडा गोल हव्यात. सामन्याआधी पंचाने स्वतः दोन्ही हातांनी हलवून पाहावा. मुले त्यावर पूर्ण वजनाने सूर मारतात. हलणारा खांब दिसला तर सामना सुरू करू नये.

आपल्याकडची काळी माती हा वेगळाच प्रश्न आहे. पावसाळ्यात तिचा चिकट चिखल होतो आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. गणेशोत्सवात सामने ठेवण्याचा मोह होतो, पण भाद्रपदात मैदान कोरडे मिळेल याची खात्री नसते. दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. भेगा मुरूम किंवा बारीक मातीने भरून, पाणी मारून रोलर फिरवावा. आखायला खडूची फक्की घ्यावी. कळीचा चुना कधीही वापरू नये. गुडघे खरचटलेल्या मुलांना तो भाजतो आणि डोळ्यात गेला तर इजा करतो.

वेळेचा हिशोब

मोठ्या गटात एक पाळी ९ मिनिटांची. एका डावात दोन पाळ्या आणि सामन्यात दोन डाव. पाळ्यांमध्ये ५ मिनिटे, डावांमध्ये ९ मिनिटे विश्रांती. म्हणजे खेळ ३६ मिनिटांचा आणि विश्रांती १९ मिनिटांची, एकूण ५५ मिनिटे. नाणेफेक, दुखापत, पाणी हे धरून एका सामन्याला सव्वा तास ठेवावा. तासाला एक सामना ठेवला की तिसऱ्या सामन्यापर्यंत वेळापत्रक कोसळते. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शेवटचा सामना अंधारात गेला की पंचाला रेषा दिसत नाहीत आणि भांडणे तिथेच होतात. लहान गटासाठी पाळी ७ मिनिटांची ठेवावी.

सामन्याआधीची पाच मिनिटे

नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांना बोलावून पुढच्या गोष्टी मोठ्याने सांगाव्यात. प्रशिक्षकही ऐकायला हवेत.

- पाळी किती मिनिटांची, बरोबरी झाली तर काय. साधारणपणे जादा डाव खेळवतात आणि तरीही बरोबरी राहिली तर लघुत्तम आक्रमण, म्हणजे पहिला गडी कमीत कमी वेळात टिपणारा संघ विजयी.
- पहिल्या डावात मोठी आघाडी मिळाली तर समोरच्या संघाला लगेच पुन्हा आक्रमण करायला लावता येईल का आणि किती गुणांच्या आघाडीवर.
- पंचांशी फक्त कर्णधार बोलेल.
- शब्द कोणते वापरणार. शाळेत हिंदीतून शिकलेल्या मुलांना पळणारा "धावक" आणि पाठलाग करणारा "अनुधावक" एवढेच माहीत असते. आपण "संरक्षक" आणि "आक्रमक" म्हटले की काही मुले गोंधळतात. दोन्ही जोड्या एकदा सांगून टाकाव्यात.

टीव्हीवरच्या खो-खोबद्दलही याच वेळी बोलावे. २०२२ पासूनच्या अल्टिमेट खो-खोमुळे आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकामुळे मुलांना खेळाची गोडी लागली. त्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत भारताच्या महिलांनी प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली नेपाळला ७८-४० असे आणि पुरुषांनी प्रतीक वाईकरच्या नेतृत्वाखाली नेपाळलाच ५४-३६ असे हरवले. आकडे इतके मोठे का, असे मुले विचारतात. तिथे एका गड्याचे दोन गुण मिळतात आणि ठरावीक वेळ टिकून राहिलेल्या संरक्षकांनाही गुण मिळतो. अल्टिमेट खो-खोत कोणत्याही दिशेने धावू शकणारा "वजीर"ही असतो. आपल्या सामन्यात एका गड्याचा एकच गुण, वजीर नाही, हे आधीच सांगितले नाही तर पहिल्या दिशाभंगावर "पण टीव्हीवर तर चालते" हे ऐकावे लागते.

नजर कुठे ठेवावी

नव्या पंचाची सर्वांत मोठी चूक म्हणजे तो पळणाऱ्याकडे पाहत राहतो. प्रेक्षक पळणाऱ्याला पाहतात. पंचाने आक्रमकाचे पाय, खांदे आणि हात पाहायचे. पळणारा आपोआप नजरेच्या टप्प्यात येतो. खाली मैदानावर वारंवार येणारे प्रसंग क्रमाने दिले आहेत.

*खो.* खो मागून द्यायचा, हाताचा स्पर्श आणि "खो" हा शब्द एकाच वेळी आणि स्पष्ट. स्पर्श झाला पण आवाज नाही, किंवा आवाज आला पण हात लागला नाही, तर तो खो नव्हे. बसलेल्याने खो घेण्यासाठी हात-पाय मागे सरकवायचे नाहीत. आपल्याकडे बाहेर बसलेली पोरेही "खो, खो" ओरडतात. म्हणून कानावर विसंबू नये, पाठीवरचा हात दिसला पाहिजे.

*आधीच उठणे.* चपळ मुले खो येणार हे ओळखून अर्धवट उठून बसतात. खो मिळण्याआधी बसलेला खेळाडू उठला तर तो नियमभंग आहे. पहिल्याच वेळी शिट्टी वाजवावी. पहिल्या पाळीत सोडून दिले की चौथ्या पाळीत ते थांबवता येत नाही.

*दिशा.* खो मिळालेला खेळाडू ज्या बाजूला तोंड करून बसला होता, त्याच बाजूला जातो. त्याने मध्य पाटी ओलांडायची नाही. उठल्यावर तो ज्या खांबाकडे निघतो ती त्याची दिशा. मग त्या खांबाची रेषा ओलांडून मुक्त क्षेत्रात जाईपर्यंत त्याला परत फिरता येत नाही. पाय पुढे आणि खांदे मागे, अशी हुलकावणी मुले देतात. खांदे उलट्या दिशेला वळले तर दिशाभंग. मुक्त क्षेत्रात मात्र दिशेचे बंधन नाही.

*उशिरा दिलेला खो.* आक्रमक बसलेल्या गड्याला ओलांडून गेला आणि त्याचा मागचा पाय त्या गड्याच्या आडव्या पाटीपासून सुटला, की मग वळून त्याला खो देता येत नाही. इथे पंचाने हाताकडे नव्हे, मागच्या पायाकडे पाहावे.

*खांबावरचा सूर.* एका हाताने खांब धरून आक्रमक पलीकडे झेपावतो. इथे दोन गोष्टी एकदम पाहायच्या असतात: पाय मैदानाच्या भागात मध्य पाटी ओलांडून पडला का आणि हात खरोखर लागला का. ज्याच्या भागात स्पर्श झाला त्या पंचाने हात पाहावा, दुसऱ्याने पाय पाहावा. हे आधी ठरवून घ्यावे.

*बसलेल्यांचा अडथळा.* बसलेल्या गड्यांनी पळणाऱ्याच्या वाटेत हात-गुडघे पसरायचे नाहीत. अशा अडथळ्यामुळे गडी बाद झाला तर तो बाद देऊ नये. उलट, पळणारा बसलेल्यांना धरून किंवा टेकून फायदा घेत असेल तर त्याला एकदा ताकीद द्यावी. पुन्हा केले तर तो बाद.

*रेषेबाहेर.* पळणाऱ्याचे दोन्ही पाय मैदानाबाहेर गेले तरच तो बाद. एक पाय आत टेकलेला असेल तर नाही. इथे पंचाने रेषेच्या सरळीत उभे राहावे, तिरकस उभे राहून हा निर्णय देता येत नाही.

*तिघांची तुकडी.* पळणारे तीन-तीनच्या तुकडीने येतात, त्यांचा क्रम पाळीआधी गुणलेखकाकडे लिहून द्यावा लागतो. तिसरा गडी बाद झाल्यावर पुढचे तिघे लगेच आत यायला हवेत. ज्या आक्रमकाने तिसरा गडी टिपला, त्याने नव्या तुकडीच्या मागे स्वतः लागायचे नाही, आधी खो द्यायचा. आमच्या सामन्यांत सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. गडी टिपल्याच्या आनंदात तो मुलगा तसाच धावत सुटतो आणि समोरून आत येणाऱ्याला हात लावतो. तो बाद धरायचा नाही.

निर्णय कसा द्यावा

शिट्टी, हात, आवाज, हा क्रम ठेवावा. गडी बाद असेल तर एक छोटी शिट्टी, हात वर आणि "चार नंबर बाद". नियमभंग असेल तर लागोपाठ छोट्या शिट्ट्या आणि आक्रमकाने ज्या दिशेला जायचे तिकडे हात. आक्रमकाने लगेच थांबून त्या उलट दिशेला जायला हवे. नियमभंग झाल्यापासून तो दुरुस्त होईपर्यंत टिपलेला गडी बाद नाही. घड्याळ या काळात थांबत नाही, ते दुखापतीसारख्या कारणासाठी सरपंचाने सांगितले तरच थांबते.

निर्णय एका श्वासात द्यावा. उशीर झाला की लोकांना वाटते, पंच आजूबाजूला पाहून ठरवतो आहे. स्पर्श झाला की नाही याची खात्री नसेल तर बाद देऊ नये. "वाटले" म्हणून बाद देणे चूक आहे, कारण दिलेला बाद परत घेता येत नाही, पण हुकलेला गडी पुन्हा टिपता येतो. हा नियम दोन्ही संघांना आणि चारही पाळ्यांत सारखा लावावा. एका पाळीत दिलेली चूक दुसऱ्या पाळीत "भरून काढणे" ही दुसरी चूक आहे.

चूक झालीच आणि लगेच लक्षात आली, पुढचा खो झालेला नाही, तर दुसऱ्या पंचाला विचारून तिथल्या तिथे सुधारावी. खेळ पुढे गेल्यावर मागे जाऊ नये. सामना संपल्यावर त्या खेळाडूला "माझ्याकडून चूक झाली" असे सांगायला मात्र कमीपणा वाटू देऊ नये. मुलांना ते आयुष्यभर लक्षात राहते.

वाद झाला तर

आपल्यातली काही कुटुंबे कॅनडा-अमेरिकेत आहेत आणि त्यांची मुले तिथे बर्फावरची हॉकी खेळतात. त्या खेळातली एक पद्धत आम्ही उचलली आहे. तिथे नोंद ठेवणाऱ्यांच्या टेबलासमोर बर्फावर सुमारे ३ मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ आखलेले असते. पंच तिथे जाऊन अधिकाऱ्यांशी बोलत असताना खेळाडूंना त्यात पाऊल ठेवता येत नाही. आम्हीही गुणलेखकाच्या टेबलासमोर फक्कीने तसे अर्धवर्तुळ काढतो. पंच आणि सरपंच आत बोलत असताना कुणी आत यायचे नाही, कर्णधारानेही नाही. साधी पांढरी रेषा आहे, पण ती आल्यापासून पंचांभोवती घोळका झालेला नाही.

कर्णधार आला तर त्याचे ऐकून घ्यावे, एका वाक्यात उत्तर द्यावे आणि खेळ सुरू करावा. "हात लागताना मी पाहिले" हे पुरे. आवाज चढवू नये. पालक आत आले तर त्यांच्याशी पंचाने बोलू नये, ते काम मंडळाच्या कार्यकर्त्यांचे. व्हिडिओ दाखवायला येणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणावे. मोबाइलवर एका कोनातून घेतलेल्या चित्रात स्पर्श झाला की नाही ते ठरत नाही, आणि एकदा पाहिला की पुढच्या प्रत्येक निर्णयाला मोबाइल पुढे येतो.

गुणपत्रक

गुणलेखकाने प्रत्येक बाद गड्यापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: कोणी टिपला, कसा बाद झाला आणि तो किती वेळ पळाला. वेळ वेळाधिकाऱ्याने सांगायची. यातून उत्कृष्ट आक्रमक आणि संरक्षक निवडताना वाद होत नाही. "आमच्या मुलीला बक्षीस का नाही" याला कागद उत्तर देतो. प्रत्येक पाळीनंतर दोन्ही कर्णधारांना गुण दाखवून सही घ्यावी. शेवटी एकदम दाखवले की मागच्या पाळीतला हिशोब कुणालाच आठवत नाही.

मुलांची काळजी

प्रथमोपचाराची पेटी, बर्फ आणि पिण्याचे पाणी गुणलेखकाच्या टेबलाजवळ असावे. डोक्याला मार लागलेल्या मुलाला "बरे वाटते" म्हणाले तरी त्या सामन्यात परत उतरवू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. अंगठ्या, बांगड्या, कडे, गळ्यातल्या साखळ्या काढायला लावाव्यात आणि नखे तपासावीत. लहान गटात पंचाने शिट्टीनंतर काय चुकले ते दोन शब्दांत सांगावे. मोठ्या गटात समजावत बसू नये.

पुढचे पंच

पंच तयार व्हायला वेळ लागतो. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी पहिल्या वर्षी गुणलेखन करावे, दुसऱ्या वर्षी लहान गटाचे सामने घ्यावेत आणि मग मोठ्या गटाला उभे राहावे. मुलींच्या सामन्यांना निदान एक पंच महिला असावी. आपल्या घरांत शाळा-कॉलेजात खो-खो खेळलेल्या कितीतरी काकू आणि ताया आहेत. त्या मागे बसून चुका अचूक सांगतात, त्यांनी पुढे यावे.

क्रीडादिनाच्या आधीच्या रविवारी सकाळी आम्ही मैदानावर सराव ठेवतो. मुले खेळतात आणि होऊ घातलेले पंच शिट्टी घेऊन चुका करतात. त्या दिवशीच्या चुकांना गुण नसतात, म्हणून त्या तिथेच करून घ्याव्यात. ज्या मुलीमुळे हे सारे लिहावे लागले, तिची धाकटी बहीण यंदा लहान गटात खेळणार आहे. तिच्या सामन्याला उभे राहण्यासाठी नात्याबाहेरचे दोन पंच हवे आहेत. नावे मंडळाच्या क्रीडा समितीकडे द्यावीत.